चांदमारीच्या सकाळी

सीताफळांच्या दिवसांत हिरेबंडीत अस्वलाचं कुणाला नवल नसतं. डोंगरावरून उतरतात, फळं ओरबाडतात आणि उजाडायच्या आत आपल्या वाटेनं परत जातात. त्या दिवशी मात्र एकाला उशीर झाला. कालव्याकडे निघालेला म्हातारा दुर्गप्पा त्याच्या वाटेत आला. अस्वलानं त्याच्या मांडीचा लचका तोडला आणि माणसांची बोंब ऐकून बिथरून ते गावामागच्या धोंड्यांत शिरून बसलं. आमच्याकडचे धोंडे म्हणजे घराएवढे, एकावर एक कलंडलेले, उन्हापावसानं गुळगुळीत झालेले. त्यातल्या एका कपारीतून त्याचं गुरगुरणं ऐकू येत होतं आणि निम्मं गाव तिथं जमलं होतं.

पोलीस लाईनीत निरोप आला तेव्हा यमनूरप्पाची दाढी अर्धीच झाली होती. तसाच उठून त्यानं टोपी चढवली. हुलिगेम्मा रोट्या थापत होती. ती ओरडली, "अहो, कानाजवळचा साबण तरी पुसा!"

"अस्वलाला काय, दाढी केलेलाच शिपाई लागतो होय?" असं म्हणत तो हसत बाहेर पडला. चार वर्षांची रेणुका त्याच्यामागं दारापर्यंत धावली.

शेजारच्या खोलीतून कनकप्पा आधीच ठाण्याकडे गेला होता आणि तिथली रायफल घेऊन परत येत होता. दोघं एकाच भरतीतले, एकाच ठाण्यातले, भिंतीला भिंत लागून राहणारे. कनकप्पाची बायको गंगव्वा आणि हुलिगेम्मा एका नळावर पाणी भरायच्या, एकमेकींच्या चुलीवरचं चाखायच्या. रायफल कनकप्पाच्या हातात होती ती केवळ यमनूरला काठी बरी वाटायची म्हणून. नेमबाजीत दोघं सारखेच. भरतीनंतरच्या प्रशिक्षणात जे काही बार काढले असतील तेवढेच. नंतरच्या सात वर्षांत चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, दरवर्षी ठरायची आणि दरवर्षी राहायची. कधी निवडणूक, कधी मंत्र्याचा दौरा, कधी जत्रेचा बंदोबस्त, तर कधी काडतुसंच आलेली नसायची. राहिली की शिपाई खूश. कोण त्या उन्हात पालथं पडून खांदा सुजवून घेणार? मागच्या खेपेला रद्द झाली तेव्हा यमनूर दुपारीच घरी आला होता आणि हुलिगेम्मानं त्या आनंदात होळगी, म्हणजे पुरणपोळी, केली होती.

फौजदार त्या सकाळी तालुक्याला गेलेले. वनखात्याची माणसं जाळं घेऊन निघाली होती, पण पोचली नव्हती. यमनूर काठी आडवी धरून माणसांना मागं रेटत होता. "अरे मागं व्हा रे, तमाशा आहे का हा? तुला चावलं तर तुझी बायको माझ्या नावानं रडेल!" माणसं हसत मागं सरत होती आणि पुन्हा पुढं येत होती. त्यांना हाकता हाकता तो धोंड्याला वळसा घालून पलीकडच्या अंगाला गेला.

तेवढ्यात अस्वल कपारीतून बाहेर आलं. लोक किंचाळले. कुणीतरी ओरडलं, "मार की! बघतोस काय, मार!"

कनकप्पानं बंदूक खांद्याला लावली आणि गोळी मारली.

बार लाईनीत ऐकू आला. पाठोपाठ लोकांचा गलका आला, "पडलं! पडलं!" गंगव्वानं नळावरची घागर खाली ठेवून टाळीच वाजवली. "माझ्या नवऱ्यानं अस्वल पाडलं बघ, अक्का!"

"आता महिनाभर तुझा नवरा जमिनीला पाय लावायचा नाही," हुलिगेम्मा म्हणाली, आणि दोघी हसल्या. त्या हसत असतानाच गल्लीच्या तोंडाशी एक माणूस पळत आला. हुलिगेम्माकडे बघून तो थबकला आणि त्यानं तोंड फिरवलं.

बार ऐकून लोक ओरडले खरे, पण अस्वलाला काही झालेलं नव्हतं. ते डोंगराकडे निघून गेलं होतं. गोळी त्याच्या पाठीवरून गेली, धोंड्याच्या उतारावर आपटली, तिथून तिरकी उडाली आणि पलीकडे माणसांना मागं रेटणाऱ्या यमनूरच्या बगलेत शिरली. काठी वर धरलेली होती म्हणून बगल उघडी होती, एवढंच.

त्याला टेम्पोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत कनकप्पानं त्याला मांडीवर घेतलं होतं. जखमेवर त्याचा तळवा होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या आत यमनूर गेला. हुलिगेम्मा पोचली तेव्हा कनकप्पा फरशीवर बसला होता. तिला बघून तो उठला नाही. "मी अस्वलावर मारली, वैनी," तो म्हणाला. "मी अस्वलावर मारली." त्यानंतर कुणी काहीही विचारलं तरी तो तेवढंच सांगत राहिला.

हुलिगेम्मा रडली नाही. बायका म्हणाल्या, रडवा तिला कुणीतरी, नाहीतर काळीज फुटेल. पण तिला रडवणं कुणाला जमलं नाही.

कर्तव्यावर मेलेला शिपाई म्हणून यमनूरला सलामी मिळाली. पुरायच्या खड्ड्याशी शिपायांनी रांग धरली आणि आभाळाकडे बंदुका केल्या. हुलिगेम्मानं रेणुकाचे दोन्ही कान दाबून धरले. बार एकदम निघाले नाहीत, कुणाचा आधी, कुणाचा मागून. लोकांच्या ते ध्यानातही आलं नसेल. तिच्या मात्र प्रत्येक बार वेगवेगळा अंगात घुसला. रांगेत कनकप्पा नव्हता. त्याला निलंबित करून चौकशी लावली होती.

चौकशी फार लांबली नाही. अपघात, असं ठरलं. खोटंही नव्हतं ते. काही महिन्यांनी कनकप्पा कामावर परत आला. त्याच्याकडे समन्स वाटायचं आणि फोनवर बसायचं काम दिलं. तो लाईनीत तोंड खाली घालून यायचा, तोंड खाली घालून जायचा. गंगव्वा भिंतीवरून कारळ्याची चटणी आणि रोट्या ठेवून जायची. हुलिगेम्मा त्या घ्यायची, पण तिचं बोलणं तुटलं होतं.

मग नवऱ्याच्या जागी नोकरीचा विषय निघाला. जिल्ह्याच्या कचेरीतला बडा कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, "तुम्ही बारावी शिकलात, अम्मा. इथं टेबलाची जागा आहे. डोक्यावर पंखा, पोर जवळ. सावलीतलं काम."

"मला खाकी द्या," हुलिगेम्मा म्हणाली.

"अहो, उन्हातान्हाचं काम ते. कशाला?"

"माझा माणूस ज्यानं मेला, ते मला हातात धरून बघायचंय."

कारकुनानं तिच्याकडे बघितलं आणि खाकीचा अर्ज पुढं सरकवला.

घरी सासूनं कपाळ बडवून घेतलं. "माझ्या लेकाला बंदुकीनं खाल्लं आणि सून बंदूकच खांद्यावर घेणार! गाव काय म्हणेल? काय शिकायचंय तुला त्यात?"

"तेच, अव्वा. काय शिकायचं असतं त्यात, तेच."

रेणुकाला सासूच्या हवाली करून ती प्रशिक्षणाला गेली. पहाटेचं पळणं, कवायत, कायद्याची पुस्तकं, सगळं ती निमूट करत राहिली. तिच्याहून लहान पोरी होत्या, त्या रात्री आयांना फोन करून रडायच्या. ही त्यांच्या पायांना तेल लावून द्यायची. आपण कोण, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

बंदूक शिकवायला इमामसाब उस्ताद होते. अंगानं वाळकुडे, निवृत्तीला आलेले, पण आवाज असा की मैदानाच्या पलीकडची म्हैस मान वर करून बघायची. पहिल्या दिवशी त्यांनी बंदूक कुणाच्या हातात दिली नाही. रांगेसमोर उभे राहून ते म्हणाले, "गोळी सुटली की ती तुमची राहत नाही. मग कुणाची?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं.

"जिथं जाऊन बसेल त्याची. म्हणून चाप ओढायच्या आधी विचारायचं. पुढं काय आहे ते आंधळासुद्धा सांगेल. मागं काय आहे ते सांगा. माती असली तर गोळी गिळते. पाणी, दगड, लोखंड गिळत नाही, थुंकून देतं. कुणाच्या तोंडावर थुंकेल ते देवाला ठाऊक."

हुलिगेम्मानं हात वर केला. "मागं दगड असला तर?"

"तर बंदूक खाली."

"पुढं अस्वल असलं तरी?"

पोरी फिसकन हसल्या. उस्तादही हसले. "अस्वल असो, नाहीतर अस्वलाचा आजा असो. मागं दगड म्हणजे बंदूक खाली. बोंब ठोकायची, डबे वाजवायचे, पळायचं. लाज वाटते पळायला? वाटू दे."

"हे पहिल्या दिवशीच शिकवता?"

"पहिल्याच दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही विसरता. म्हणून दरवर्षी परत शिकवायचं असतं. तू रोट्या थापतेस ना? रोज थापतेस म्हणून गोल होते. वर्षातून एकदाच थापलीस तर?"

"फाटेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि सात वर्षं पिठाला हातच नाही लावला तर?"

पुन्हा हशा झाला. हुलिगेम्मा मात्र उभ्या जागी अशी पांढरी पडली की शेजारच्या पोरीनं तिचा दंड धरला.

संध्याकाळी तिचे कागद बघून कुणीतरी उस्तादांना ती कुणाची बायको ते सांगितलं. म्हातारा टोपी हातात घेऊन मुलींच्या खोल्यांशी आला आणि पायरीच्या खालीच उभा राहिला. "मला ठाऊक नव्हतं, अव्वा. मी जनावराची चेष्टा केली."

"खरं तेच बोललात, उस्ताद."

"ती भरती... तुझा नवरा आणि तो दुसरा. मीच शिकवलं असणार त्यांना. मघापासून आठवतोय. दोघांचेही चेहरे आठवत नाहीत."

"त्यांना शिकवलं होतं हे? माती आणि दगडाचं?"

"शिकवलं असणार. सगळ्यांना शिकवतो." मग ते म्हणाले, "एकदा सांगणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे मलाही कळतं, अव्वा. पण परत कुणी पाठवतच नाही त्यांना माझ्याकडे."

मैदानात पालथं पडून पहिल्यांदा खरी काडतुसं भरली, तेव्हा तिच्यानं चाप ओढवेना. आजूबाजूचे बार संपले, पोरी उठून उभ्या राहिल्या, तरी हिचा गाल बंदुकीच्या दस्त्याला तसाच. डोळ्यांसमोर नळीच्या टोकावरची नेमाची माशी, माशीच्या पुढं फलक, फलकामागं मातीचा बांध. ती त्या बांधाकडेच बघत होती. उस्तादांनी बाकीच्यांना चहाला पिटाळलं आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसून राहिले. ऊन चढलं. मग बार निघाला. बांधावर धुळीचा एक इवलासा फुगा उठला आणि विरला. गोळी मातीत गेली होती, दुसरीकडे कुठंही नाही. ती कितीतरी वेळ त्या जागेकडे बघत राहिली.

ती काही मोठी नेमबाज निघाली नाही. पण तिच्या हातून हलगर्जीपणा कधी झाला नाही. निघताना उस्तादांनी तिच्या कागदावर शेरा लिहिला, हिला शिकवायला ठेवा.

ती हिरेबंडीच्याच ठाण्यात आली, त्याच लाईनीतल्या त्याच खोलीत. त्या वर्षी जिल्ह्याला नवे अधीक्षक आले होते. त्यांनी सक्त हुकूम काढला की काहीही होवो, चांदमारी झालीच पाहिजे, आणि जो नापास होईल त्याला पास होईपर्यंत हत्यार द्यायचं नाही. डोंगराच्या पायथ्याशी जुनं चांदमारीचं मैदान होतं. त्यावरच्या बाभळी तोडल्या, बांधावर नवी माती टाकली. नेम धरणाऱ्याच्या खांद्याशी बसून सांगायला कुणीतरी लागतं. नुकती शिकून आलेली म्हणून ते काम हुलिगेम्माकडे आलं.

शिपाई एकेक करून येत होते. कुणी चापावर बोट ठेवूनच बंदूक उचलत होता, कुणाला बोल्ट ओढता येत नव्हता. एकानं तर बार निघताना डोळेच मिटले. माणसं आपल्याच फजितीवर हसत होती. मग कनकप्पाचं नाव पुकारलं आणि हसणं बंद झालं.

तो पुढं आला, पण बंदुकीला हात लावीना. हात मागं बांधून, मान खाली घालून उभा राहिला. ठाण्याचे निरीक्षक साहेब हळूच म्हणाले, "जाऊ दे रे. त्याच्या नावावर फलकाला लागलेले बरेसे बार लिहून टाका आणि पुढचा बोलवा. कशाला बिचाऱ्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

"नको, साहेब," हुलिगेम्मा म्हणाली. "त्यांना बार काढू द्या."

"अगं बाई, तू तरी..."

"काढू द्या, साहेब."

तिनं बंदूक उचलली, रिकामी आहे ते उघडून दाखवलं आणि कनकप्पापुढं धरली. "पडा पालथं, कनकण्णा."

यमनूर गेल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. तो पालथा पडला. ती त्याच्या खांद्याशी बसली. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. काडतूस भरताना त्याच्या हातून दोनदा खाली पडलं.

"पुढं काय दिसतंय?"

"फलक."

"मागं?"

तो फलकापलीकडे बघत राहिला.

"मागं काय आहे, कनकण्णा?"

"यमनूर," तो म्हणाला.

हुलिगेम्मानं डोळे मिटले आणि उघडले. "नाही. नीट बघा. माती आहे. बोला, माती."

"माती."

"माती गोळी गिळते. आता ओढा. हळू."

त्यानं वाट्याला आलेले बार काढले. एकही फलकाला लागला नाही. काही बांधात गेले, काही बांधाच्या पायथ्याशी. शेवटच्या बारानंतर तो तसाच दस्त्यावर कपाळ टेकून पडून राहिला.

"नापास," हुलिगेम्मा म्हणाली.

"ठाण्याची टक्केवारी तरी बघ," निरीक्षक कुजबुजले.

"नापासच आहेत, साहेब."

मागं कुजबुज सुरू झाली. सूड घेतेय, दुसरं काय! संध्याकाळी गंगव्वा दारात उभी राहिली. पदर खोचलेला, डोळे रडून लाल. "सूड घ्यायचा तर उघड घे ना, अक्का! चारचौघांत का नाचवतेस त्याला? आधीच तो माणूस धड जेवत नाही, झोपेत ओरडतो. काय राहिलंय त्याच्यात आणखी घ्यायला?"

"सूड घ्यायचा असता तर पास केलं असतं, गंगव्वा," हुलिगेम्मा म्हणाली. "आणि बंदूक हातात देऊन परत गर्दीत पाठवलं असतं."

गंगव्वा उंबऱ्यावरच मटकन बसली. हुलिगेम्मानं तिला पाण्याचा तांब्या दिला. मग हुलिगेम्मा म्हणाली, "सांग त्यांना, सकाळी मैदानावर या म्हणावं. ज्या दिवशी दोघांनाही सुट्टी असेल त्या दिवशी. मी शिकवते."

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो आला. पहिल्या सकाळी काडतुसं नव्हतीच. रिकामी बंदूक, आणि नळीच्या टोकावर एक चिंचोका ठेवलेला. चाप असा ओढायचा की चिंचोका पडता कामा नये. तो पडायचा, कनकप्पा उचलायचा, ती परत ठेवायची. दोघंही कामापुरतंच बोलत. कधी ती त्याला डोंगराकडे तोंड करून उभा करायची आणि विचारायची, तो धोंडा, त्याच्यापुढं चोर आहे, माराल? नाही. ती विहीर, तिच्या काठावर आहे, माराल? नाही. ते बांधाचं शेत? तो बघायचा, विचार करायचा. मारेन, पण पलीकडे रस्ता नसला तर.

तिसऱ्या-चौथ्या सकाळी चिंचोका नळीवर टिकायला लागला. त्या दिवशी तो आपणहून बोलला. "त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, मार. वैनी, बंदूक माझ्या हातात होती. मला वाटलं, हातात आहे म्हणजे मला येतंच असणार."

तिनं चिंचोका परत नळीवर ठेवला.

"यमनूर म्हणाला होता निघताना. म्हणाला, कनक्या, तुला झाड तरी लागतं का रे? मी म्हणालो, तुझ्यापेक्षा बरं लागतं. हसत होतो आम्ही."

"असंच बोलायचे ते," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बंदूक पुसायला लागली.

मग फेरपरीक्षेचा दिवस आला. सकाळचं कोवळं ऊन होतं. ठाण्यातले बरेच जण नुसतं बघायला आले होते. कनकप्पा पालथा पडला. कुणी न विचारताच त्यानं समोर बघितलं आणि म्हणाला, "पुढं फलक, मागं माती, पलीकडे कुणी नाही." त्याचा श्वास संथ चालला होता. एकेक बार निघाला. फलक जवळ आणला तेव्हा सगळी भोकं वर्तुळाच्या आत होती, दोन तर एकमेकांना चिकटून.

शिपायांनी जल्लोष केला. निरीक्षकांनी त्याची पाठ थोपटली. "वा रे पठ्ठ्या! जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायला पाहिजे तुला!"

कनकप्पा उठून बसला. त्यानं फलक हातात घेतला आणि त्यातल्या भोकांवरून बोट फिरवलं. मग त्यानं हुलिगेम्माकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. एखाद्याचं अंधारात पायरी नसताना पाऊल पडावं, तसा चेहरा झाला होता.

"वैनी," तो म्हणाला, "एवढंच होतं?"

तिलाही ते त्याच क्षणी दिसलं होतं. एवढंच. काही सकाळी, ओंजळभर काडतुसं, एक चिंचोका. एवढं कुणी दरवर्षी, नव्हे, एकाच वर्षी केलं असतं, तर या माणसानं त्या सकाळी बंदूक खाली ठेवली असती, डबे वाजवले असते, आणि यमनूर घरी येऊन उरलेली दाढी करत बसला असता. आजपर्यंत तिला वाटत होतं, नशिबानं काहीतरी फार मोठं, फार अवघड केलं आणि माणूस नेला. नशिबाचं नाव घेता येत होतं तोवर सोसत होतं. आता ते सोपं निघालं होतं, आणि हे सोपं असणं तिला सोसवेना.

तिच्या पोटातून आवाज निघाला. दवाखान्यात निघाला नव्हता, खड्ड्याशी निघाला नव्हता, तो. ती मैदानाच्या मातीत बसली आणि ओरडून ओरडून रडायला लागली. टोपी पडली, केस सुटले. कनकप्पा तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिला. तिला हात लावायची त्याची हिंमत नव्हती. उठून जायचीही नव्हती. दोन्ही मुठींत माती धरून तोही रडत होता. निरीक्षकांना काही कळेना. त्यांनी शिपायांना हातानंच मागं सारलं आणि सगळे पाठ करून उभे राहिले.

पावसाळ्याआधी कनकप्पानं बदली मागून घेतली, पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात. सामान टेम्पोत चढलं तेव्हा गंगव्वा निरोप घ्यायला आली. विधवा म्हणून हुलिगेम्मानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं नाही, गंगव्वानं ते स्वतःच लावून घेतलं आणि तिच्या गळ्यात पडली. मग हळूच विचारलं, "अक्का, त्याला माफ केलंस का गं? एवढं सांग. वाटभर विचारेल मला."

हुलिगेम्मा गाडीकडे बघत होती. कनकप्पा पुढच्या सीटवर बसला होता. रेणुका खिडकीशी उभी राहून त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलावत होता.

"मला माहीत नाही, गंगव्वा," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी मीच येईन सांगायला."

आता चांदमारीचं मैदान तिच्याकडेच असतं. आजूबाजूच्या ठाण्यांचे शिपाई कुरकुरत येतात. उन्हाला नावं ठेवतात, मागच्या वर्षी तर केली होती म्हणतात. ती ऐकून घेते आणि त्यांना पालथं पाडते. बंदोबस्त आला म्हणून चांदमारी रद्द करा, असा फोन येतो तेव्हा ती वरिष्ठांच्या दारात जाऊन उभी राहते आणि दुसरी तारीख घेतल्याशिवाय हलत नाही. लोक तिला हट्टी म्हणतात. गंगव्वाचा सणासुदीला फोन येतो. दोघी मुलांचं, पावसाचं बोलतात. कनकप्पा फोनवर येत नाही, पण मागं कुठंतरी तो खोकतो ते हिला ऐकू येतं.

त्यांच्या गावाला ती अजून गेलेली नाही.